मेलॅनोमा पसरतो कसा: तळपायापासून फुप्फुसापर्यंत

[दृश्य: परळ, सकाळ. पुलावरून उतरून केईएम आणि टाटा मेमोरियलकडे निघालेली गर्दी. कॅमेरा पायांच्या उंचीवर.]

त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो बहुतेकदा उन्हाने भाजलेल्या पाठीवर किंवा पोटरीवर येतो. आपल्याकडे तो मुळात दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी. पण येतो तेव्हा बऱ्याचदा टाचेवर, तळव्यावर किंवा अंगठ्याच्या नखाखाली येतो, जिथे ऊन जेमतेम पोचतं. म्हणूनच मुंबईत हा आजार ओळखायचा तर पाय उलटा करून पाहायला हवा. पायाकडे बघायचं राहून जातं आणि मग तीच काळी गाठ कुरूप समजून ब्लेडने तासली जाते, तिच्यावर कॉर्नची पट्टी लावली जाते आणि महिने निघून जातात.

त्वचेच्या इतर कॅन्सरपैकी बेसल सेल क्वचितच दूर जातो, स्क्वॅमस सेल कधीकधी जवळच्या लसिका गाठींत (ऊतींतून निघणारा लसिका हा द्रव गाळणाऱ्या गाठींत) उतरतो. मेलॅनोमा मात्र जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतानाच फुप्फुस, यकृत किंवा मेंदू गाठू शकतो.

या धावेचं मूळ भ्रूणात आहे. रंगपेशी त्वचेत जन्मत नाहीत. पुढे जिथे पाठीचा कणा होणार, त्या भागातून त्या निघतात आणि ऊतींतून वाट काढत सगळ्या अंगभर पोचतात. प्रवासाला लागणारी जनुकं त्यांच्याकडे पहिल्यापासून असतात. त्वचेत स्थिरावल्यावर ती शांत होतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली साधा तीळ.]

२००२ साली बी-रॅफ या जनुकातला बदल सापडला. त्याच्या प्रथिनातल्या ६००व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामेट हे दुसरं येतं. डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं असतं, पण त्यामुळे पेशीला वाढीचा संदेश अखंड मिळत राहतो. त्वचेच्या सुमारे निम्म्या मेलॅनोमांत बी-रॅफ बिघडलेलं असतं. मात्र हाच बदल अंगावरच्या साध्या तिळांतही सर्रास आढळतो. तीळ थोडा वाढतो आणि थांबतो, कारण पी-१६ नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन रोखून धरतं. हे प्रथिन बनवणारं जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. ते गळालं, वाढीला आवर घालणारं पीटेन हे जनुक हरवलं, टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल होऊन पेशीला अमर्याद विभाजनाची मुभा मिळाली, की तिळाची मर्यादा संपते. यातले बहुतेक बदल आईवडिलांकडून आलेले नसतात, ते त्या एका पेशीत आणि तिच्या वंशात घडतात. रुग्णाच्या मुलामुलींची लग्नं ठरताना हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

तळपायाच्या मेलॅनोमाची घडण वेगळी असते. उन्हाच्या खुणा असलेले एकेका अक्षराचे बदल त्यात कमी असतात. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडे पडलेले दिसतात आणि काही तुकड्यांच्या अनेक प्रती झालेल्या असतात. ११व्या गुणसूत्रावरच्या सायक्लिन डी-१ या पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या जनुकाची अशी वाढ वारंवार दिसते. बी-रॅफचं प्रमाण उतरतं आणि किट या जनुकातले बदल तुलनेने जास्त भेटतात. उपचाराची दिशा इथेच बदलते.

मग पसरण्याचं असं एखादं जनुक आहे का? १९७३ साली कॅन्सर संशोधक आयझाया फिडलर यांनी उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी दुसऱ्या उंदरांच्या शेपटीच्या शिरेत टोचल्या. फुप्फुसात तयार झालेल्या गाठींतल्या पेशी काढून वाढवल्या आणि पुन्हा टोचल्या. असं दहा वेळा केल्यावर फुप्फुस सहज व्यापणारा वाण मिळाला. २००० साली याच पद्धतीने निवडलेल्या पेशींची मूळ पेशींशी तुलना झाली, तेव्हा रो-सी हे जनुक जास्त जोराने चालू असल्याचं दिसलं. ते वाढवलं की पसरणं वाढायचं. पेशीचा सांगाडा हलवून तिला सरकायला लावणं, हे त्याचं काम.

म्हणजे पसरण्याची ताकद बरीचशी, आहे ती जनुकं किती चालतात यावर ठरते. यात मिटफ हे जनुक मध्यभागी आहे. ते चढं असलं की पेशी रंग बनवते आणि वाढते. ते उतरलं आणि एएक्सएल हे दुसरं जनुक चढलं की वाढ मंदावते, शेजारच्या पेशींची पकड सुटते आणि पेशी ऊतीत घुसते. नव्या जागी पोचल्यावर तिला पुन्हा वाढीच्या अवस्थेत यावं लागतं. मूळ गाठीचा एकच तुकडा तपासून पूर्ण चित्र मिळत नाही, ते यामुळेच.

वाटेत बहुतेक पेशी मरतात. १९७० च्या प्रयोगात रक्तात सोडलेल्या मेलॅनोमा पेशींपैकी ०.१ टक्क्याहून कमी पेशी टिकून गाठ बनवू शकल्या. रक्तातला ऑक्सिडेशनचा ताण त्यांना मारतो. लसिकेत हा ताण कमी असतो, म्हणून लसिकावाहिन्यांतून जाणाऱ्या पेशी तगून राहण्याची शक्यता जास्त. तळपायातून ही वाट बहुधा जांघेतल्या गाठींकडे जाते, कधी गुडघ्यामागे थांबते.

[दृश्य: प्रयोगशाळा. फॉर्मलिनची बाटली, तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक, त्याचे पातळ काप काढणारा मायक्रोटोम.]

आता प्रत्यक्ष तपासणी. संशयास्पद डाग १ ते ३ मिलिमीटर कडेसह, खालच्या चरबीपर्यंत पूर्ण काढायचा. वरवर खरवडला किंवा जाळला तर जाडी कधीच कळत नाही, आणि मेलॅनोमाचा पुढचा सगळा निर्णय या मिलिमीटरवर चालतो. नखाखाली असेल तर नखाच्या मुळाचा तुकडा लागतो. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. मुळापासून निघालेली काळी रेघ सरकत नाही, रुंदावते. तिचा रंग नखामागच्या कातडीवर उतरला तर तपासणीसाठी थांबू नये.

तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, त्याच्या दहापट द्रवात ठेवायचा, ६ ते ४८ तास. लहान बाटलीत कोंबलेला तुकडा आतून नीट मुरत नाही, सलाइनमध्ये टाकलेला सडू लागतो. आम्ल झालेल्या जुन्या फॉर्मलिनमध्ये डीएनए तुटतो. शस्त्रक्रियेत बोटच काढलं असेल तर हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरतात, त्याने जनुकतपासणी पार वाया जाते. मऊ भाग आधी वेगळा काढावा, किंवा हाडासाठी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावं. वेळ जास्त लागतो, पण तो द्यावा.

मेलॅनिन स्वतःही अडथळा आणतं. ते डीएनएबरोबर उतरतं आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तपासणीचं एन्झाइम अडवतं. नमुना पातळ करून किंवा अल्ब्युमिन हे प्रथिन घालून मार्ग निघतो. प्रतिपिंड लावून बी-रॅफ पाहायचं असेल तर तपकिरी रंगाऐवजी लाल घ्यावा, नाहीतर मेलॅनिनचा तपकिरीपणा बिघाडासारखा दिसतो.

मुंबईत दुसऱ्या मताला येताना रिपोर्टचा कागद पुरत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक सोबत आणावेत, मे महिन्यात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत.

जाडी ०.८ मिलिमीटरच्या पुढे असेल तर पहिल्या लसिका गाठीची तपासणी विचारात घेतात. डागाभोवती टेक्नेशियम ९९-एम हा किरणोत्सारी पदार्थ आणि निळा रंग टोचतात, किरण टिपणाऱ्या गॅमा प्रोबने पहिली गाठ शोधून काढतात. तिच्यात सूक्ष्म आजार निघाला तरी जांघेतल्या सगळ्या गाठी लगेच काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पाय सुजण्याचा त्रास मात्र वाढतो. त्यामुळे हल्ली बहुधा सोनोग्राफीने लक्ष ठेवतात.

आजार दूर पसरला असेल तर औषध निवडण्यापूर्वी बी-रॅफचा रिपोर्ट हातात हवाच. त्या ६००व्या जागचा बदल असेल तर बी-रॅफला अडवणारं डॅब्राफेनिब आणि त्याच संदेशाची पुढची पायरी अडवणारं ट्रामेटिनिब ही औषधं एकत्र देतात. बदल नसताना एकटं बी-रॅफचं औषध दिलं तर उलटं घडतं: निरोगी बी-रॅफ रेणू जोडीने चिकटून वाढीचा संदेश आणखी जोरात देतात. वाढीचा संदेश देणारं एन-रॅस हे जनुक बिघडलेल्या पेशींत हा धोका सर्वात मोठा. किटमध्ये ११व्या किंवा १३व्या एक्सॉनचा (जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या तुकड्याचा) बदल असेल तर किट अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला प्रतिसाद मिळू शकतो, किटच्या नुसत्या प्रती वाढल्या असतील तर तो फारसा मिळत नाही. म्हणून तळपायाच्या मेलॅनोमासाठी बी-रॅफ, एन-रॅस आणि किट तिन्ही एकदम मागवावीत. एकेक मागवत बसलं की ब्लॉकमधला तुकडा संपतो.

शस्त्रक्रियेनंतर व्रणापासून जांघेपर्यंतची कातडी नियमित हाताने चाचपायची. लसिकावाहिन्यांत अडकलेल्या पेशी तिथेच लहान कठीण पुटकुळ्या करतात, त्या काळ्या असतीलच असं नाही. अशी गाठ दिसली तर तिचाही तुकडा जनुकतपासणीला पाठवावा, कारण वाटेत तिने नवे बदल मिळवलेले असू शकतात आणि जुना रिपोर्ट तिला लागू पडेलच असं नाही.