अधल्यामधल्या माणसाची गाडी

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ३१ मे रोजी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या १ जून. महाराष्ट्राच्या प्रवासात ही तारीख दोनदा येते. १ जून १९३० ला मुंबई-पुण्यामध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली, आणि १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला निघाली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. दोघींचा वाढदिवस एकच, स्वभाव मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे. डेक्कन क्वीन सुरुवातीला आठवड्याअखेरची गाडी होती. मुंबईच्या सधन माणसाला पुण्यात आणून सोडायचं, एवढं तिचं काम. एसटीची ती लाकडी बॉडीची गाडी नगर-पुणे अशी म्हटली जात असली, तरी तिच्यामुळे आयुष्य बदललं ते रस्त्यावरच्या गावांचं.

आज मला बस आणि रेल्वेची तुलना करायला सांगितलंय. ही तुलना आपण नेहमी दोन टोकं धरून करतो. मुंबई ते पुणे किती तास, नागपूर ते मुंबई किती तास, तिकीट किती. टोकाच्या माणसाला ते ठीक आहे. पण रोजच्या प्रवाशांत टोकापासून टोकापर्यंत जाणारे असतात किती? कोरेगावहून रहिमतपूरला जाणारी शिक्षिका, उंब्रजहून कराडच्या दवाखान्यात निघालेला म्हातारा, वाठारला चढून लोणंदच्या बाजाराला जाणारी बाई. ही माणसं मध्येच चढतात आणि मध्येच उतरतात. मी आज जे काही बोलणार आहे, ते या अधल्यामधल्या माणसाच्या बाजूने बोलणार आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सातारा-पुणे रस्त्याने साधारण ११० किलोमीटर. रेल्वेने गेलात तर त्याहून बरंच जास्त, कारण रेल्वे लोणंद, नीरा, जेजुरी असा पूर्वेकडून वळसा घेते. पुढे कोल्हापूरपर्यंत हिशेब केला तर पुण्याहून रस्त्याने सव्वादोनशे-अडीचशे आणि रेल्वेने सव्वातीनशेच्या आसपास. हा वळसा कुणाच्या चुकीमुळे पडलेला नाही. तो लोखंडाच्या गुणामुळे पडला आहे.

रुळावर चाक फिरतं तेव्हा दोन्हीकडे पोलाद असतं. घर्षण अगदी कमी. म्हणूनच एक इंजिन हजार-दीड हजार माणसं घेऊन सपाटीवर सहज पळतं आणि माणशी इंधन बसपेक्षा कमी जाळतं. पण चढ आला की हाच गुण अंगाशी येतो. चाकाला पकड मिळत नाही. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आपल्या मोटारीला तो जाणवणारही नाही. रेल्वेसाठी मात्र तो इतका कठीण, की कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावून लोणावळ्यापर्यंत ढकलावं लागतं. त्यांना बँकर म्हणतात. १८६३ मध्ये हा घाटमार्ग खुला झाला तेव्हापासून चढ तोच आहे. कात्रज आणि खंबाटकी थेट चढून जाणं एसटीला जमतं, रेल्वेला जमत नाही. तिला आदर्कीकडून फिरावं लागतं.

याचा परिणाम नकाशावर पाहा. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. तो रेल्वेने ओलांडायचा तर आपल्याकडे जागा तीनच: कसाऱ्याचा थळघाट, बोरघाट, आणि तिथून एकदम खाली गोव्याच्या सीमेवरचा ब्रॅगांझा घाट. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये एकही रूळ सह्याद्री चढत नाही. कराड-चिपळूण आणि कोल्हापूर-वैभववाडी या मार्गांची चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय! रत्नागिरीच्या माणसाला कोल्हापूरला यायचं असेल तर आंबा घाटातून एसटीने तो चार-एक तासांत येतो. रेल्वेने यायचं म्हटलं तर एक तर पनवेल-पुणे करून, नाहीतर मडगाव-लोंढा-मिरज करून. असा प्रवास कोण करील? फोंडा, गगनबावडा, आंबोली, कुंभार्ली. या घाटांतून जी लाल गाडी हळूहळू चढते, तिला पर्याय नाही. कोकणातल्या पोराला कोल्हापूरच्या कॉलेजात यायचं असेल, सिंधुदुर्गातल्या पेशंटला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल, तर तीच.

नाशिक-पुण्याचंही तसंच. दोन एवढी मोठी शहरं, अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि थेट रेल्वे नाही. कल्याणवरून जा किंवा दौंड-मनमाडवरून. नव्या मार्गाची आखणी नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी अडली, कारण दुर्बिणीला विजेच्या गाड्यांचा उपद्रव नको. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, आणि तोवर त्या रस्त्याचा सगळा भार बसवर आहे.

आता रेल्वेतला एक शब्द घेतो. मला तो फार बोलका वाटतो. सातारा रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ का? कारण रेल्वे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते की मी गावात जात नाही. इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. राजापूर रोडला उतरलेल्या माणसाला राजापूर गाठायला पंधरा-एक किलोमीटर जावं लागतं. आपलं साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला. आणि मालवण, वेंगुर्ला, देवगड इथं तर रेल्वे नाहीच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, ९१ बोगदे खोदून. त्या कामाला मी मनापासून हात जोडतो. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांची जिद्द आणि श्रीधरन यांची शिस्त त्यामागे आहे. पण डोंगर फोडून सरळ जाणारी रेल्वे खाडीकाठच्या जुन्या गावांपर्यंत पोचू शकत नाही. तिथे शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर कसे जायचे, यावरच रेल्वेचा उपयोग ठरतो.

एका स्टेशनवर मी हे जवळून पाहिलंय. नाव सांगत नाही, कारण अशी स्टेशनं पुष्कळ आहेत. पहाटे पावणेपाचला गाडी आली. चाळीसेक माणसं उतरली. बायका, मुलं, गोण्या, एक म्हातारी काठी टेकत. बाहेर तीन रिक्षा. गावाची पहिली बस साडेसहाला सुटणार होती आणि तीही स्टेशनवर येत नव्हती, चौकापर्यंत चालत जायचं होतं. रिक्षावाल्याने जो दर सांगितला तो म्हातारीच्या रेल्वे तिकिटापेक्षा जास्त होता. ती फलाटावरच्या बाकावर परत जाऊन बसली. मी तिच्याशेजारी उजाडेपर्यंत बसलो. मुंबईहून इथपर्यंत आरामात आले, एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली.

रेल्वेला काय जमतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलल्यासारखं होईल. साध्या गाडीचं तिकीट एसटीच्या साध्या तिकिटापेक्षा काही पटींनी स्वस्त असतं. महिन्याचा पास काढला तर आणखी स्वस्त. डब्यात उभं राहता येतं, पाय मोकळे करता येतात, भाजीची टोपली ठेवता येते. आणि शौचालय असतं. या शेवटच्या गोष्टीवर व्याख्यानांमधून कुणी बोलत नाही, पण घरातल्या बाईला विचारा. गरोदर बाई, मधुमेहाचा माणूस, प्रोस्टेटचा त्रास असलेला वडीलधारा माणूस. सहा तासांच्या बसप्रवासाला निघताना ही माणसं आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. माझी आई असंच करायची. तिला रेल्वे आवडायची त्याचं कारण वेग नव्हतं.

आता थोडं गणित. समजा एका पट्ट्यातून दिवसाला दोनशे माणसं तालुक्याला जातात. रेल्वेने त्यांना एका फेरीत नेता येईल, डबे अर्धे रिकामे राहतील. तीच दोनशे माणसं बसने न्यायची तर चाळीस-चाळीसच्या पाच फेऱ्या होतात. सकाळी सहा, आठ, अकरा, तीन आणि संध्याकाळी सहा. माणसं तेवढीच, पण कोर्टाचं काम दोनला संपलं तर तिष्ठत बसावं लागत नाही. आता उलटं करा. सकाळच्या एका तासात दोन हजार माणसांना शहराकडे जायचंय. बस लावायच्या तर चाळीस-पन्नास लागतील, तेवढेच चालक आणि वाहक, आणि शहराच्या तोंडाशी सगळ्या एकामागोमाग अडकणार. तिथे दोन गाड्या सगळं काम करतात. गर्दी दाट आणि एका वेळेची असेल तर रूळ. विखुरलेली आणि दिवसभराची असेल तर रस्ता. बीडकरांनी रेल्वेसाठी किती वर्षं वाट पाहिली! अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला नगर-बीड गाडी सुरू झाली आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला समजतं. पण मधल्या आष्टीच्या माणसासाठी रेल्वे किती खरी ठरते, ते दिवसातून किती फेऱ्या होतात यावर ठरेल.

पैशाबद्दल दोन शब्द. रेल्वेच्या तिकिटावर मध्यंतरी छापलेलं असायचं की प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच तिकिटातून वसूल होतात. म्हणजे उरलेले सरकार आणि मालवाहतूक देते. ते योग्यच आहे असं मी मानतो. पण मग एसटीच्या तोट्याला आपण इतकी नावं का ठेवतो? एसटी जे सोसते तेही त्याच कामासाठी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून मोफत. उलट रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती थांबलीच. आज सत्तरीच्या आजीबाईंना जवळचा नातेवाईक गाठायचा तर हा फरक फार मोठा आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळीच. दोन्हीकडे साध्या गाडीची उपेक्षा चालली आहे. करोनानंतर पॅसेंजर गाड्या ‘एक्स्प्रेस’च्या भाड्याने धावू लागल्या. किमान तिकीट १० चं ३० झालं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर ते परत खाली येईपर्यंत मजुरांनी तिप्पट पैसे मोजले. कित्येक छोटे थांबे गेले. रस्त्यावरही तेच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावरून जाणारी बस वाटेतल्या गावात थांबत नाही, थांबूच शकत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. शेतातला माणूस त्या बसकडे पाहतो, हात दाखवून उपयोग नसतो. आणि याच महामार्गावर रात्रीच्या बसप्रवासाची किंमत १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळच्या अपघातात २५ माणसांनी जीव गमावून मोजली. त्या पहाटेनंतर मी रात्रीच्या लांब बसप्रवासाला कुणालाही सहज ‘हो’ म्हणू शकलो नाही. आठशे किलोमीटर जायचं असेल आणि रेल्वे असेल, तर रात्री रेल्वेनेच जा. हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

मुक्कामी गाडी तुमच्यापैकी किती जणांना आठवते? संध्याकाळी शेवटच्या गावात येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी एसटी. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेत झोपायचे, गावातून भाकरी यायची. हिशेबाच्या वहीत ती फेरी तोट्याचीच दिसते. पण तिच्यामुळे पोरगी पहाटे निघून तालुक्याच्या कॉलेजात वेळेवर पोचते आणि संध्याकाळी घरी येते. २०२१ च्या अखेरीपासून पुढे काही महिने एसटीचा संप चालला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या, त्यावर मी इथे बोलत नाही. पण त्या काळात वाडीवस्तीवरच्या मुलींची शाळा सुटली, ती काहींची कायमची. रेल्वे बंद असती तर बातमी दिल्लीपर्यंत गेली असती. ही बातमी घरातच राहिली.

म्हणून मला विचाराल तर मागणी एकच करायची. जिथे स्टेशन गावाबाहेर आहे, तिथे गाडीच्या वेळेला जोडून एक साधी बस असावी. गाडी उशिरा आली तर बसने थांबावं, आणि रेल्वेच्या तिकिटावरच ते पुढचे पाच-पंधरा किलोमीटर यावेत. यासाठी डोंगर फोडावा लागत नाही. आगारप्रमुख आणि स्टेशनमास्तर यांनी वेळापत्रक हातात घेऊन एका टेबलापाशी बसावं लागतं. ते कुणाच्या कामाच्या यादीत नाही म्हणून होत नाही. आज इथे दोन्ही खात्यांतून निवृत्त झालेली मंडळी समोर बसलेली मला दिसताहेत. प्रश्नोत्तरं सुरू करण्याआधी मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय की तुमच्या काळात कधी असं बसणं झालं होतं का, आणि झालं असेल तर ते कुणाच्या पुढाकाराने झालं?