'वेट' आणि 'वेट'

(दृश्य : फळ्यावर एकाखाली एक दोन शब्द. दोन्ही 'वेट'.)

दोन्ही इंग्रजी शब्द. वरचा 'वेट' म्हणजे ओला, खालचा म्हणजे थांब. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, कारण मराठीत आखूड ए आणि लांब ए असा भेद नाही. पेन (लेखणी आणि वेदना), गेट (मिळवणे आणि फाटक), टेस्ट (चाचणी आणि चव) या जोड्यांचंही तेच. ओला या अर्थाच्या 'वेट'मधला ए तोडून टाकायचा, थांब या अर्थाच्या 'वेट'मधला लांबवत इ-कडे न्यायचा. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण हा फरक फळ्यावर लिहून कळत नाही. तो कानांनी ऐकावा लागतो. घरच्या फोनवरचं व्हॉट्सॲप इथे कामी येतं.

(दृश्य : शिक्षिकेच्या हातात फोन.)

ग्रुप नको. ग्रुपमध्ये सगळ्या पालकांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बुजरी मुलं तोंडच उघडत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि उत्तर फक्त शिक्षकांकडे येतं. मात्र ज्या पालकांनी शिक्षकांचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना मेसेज पोहोचतच नाही. 'आलंच नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. पालकसभेतच नंबर सेव्ह करून घ्या.

रोज एकच जोडी, आवाज रेकॉर्ड करून, वीस सेकंदांत. वाक्य एकदा सावकाश म्हणा, एकदा नेहमीच्या वेगाने. ऐकताना वेग वाढवायची सोय ॲपमध्ये आहे, कमी करायची नाही. मुलांनी तेच वाक्य स्वतःच्या आवाजात परत पाठवायचं.

(दृश्य : माइकच्या खुणेवर मुलीचा अंगठा.)

अंगठा लवकर उचलला की वाक्य अर्ध्यातच तुटून निघून जातं. म्हणून माइक दाबून वर सरकवायचा, म्हणजे तो लॉक होतो. बोलून झालं की थांबवून स्वतःचा आवाज ऐकायचा. पटलं नाही तर कचरापेटी, पुन्हा रेकॉर्ड. पाठवण्याआधीच्या या ऐकण्यातच खरा अभ्यास होतो. स्वतःची चूक मुलं इथे स्वतःच पकडतात. फक्त वाक्य देवनागरीत लिहून वाचू देऊ नका, नाहीतर दोन्ही 'वेट' पुन्हा एक होतात.

चाळीस मुलांचं रोज तपासणं कुणालाच झेपणार नाही. दहा-दहाचे चार गट करा आणि रोज एकच गट तपासा. दहा मुलांचे वीस-वीस सेकंद म्हणजे ऐकायला साडेतीन मिनिटांच्या आत. मुलाच्या मेसेजवर उजवीकडे बोट सरकवून त्यालाच जोडून उत्तर द्या, आणि एकच चूक सांगा. तीन सांगितल्या की उद्या आवाज येत नाही.

फोन बहुतेक घरी बाबांसोबत संध्याकाळीच येतो, तेव्हा मुदत रात्री नऊपर्यंत ठेवा. ज्यांच्या घरी फोनच नाही, त्यांच्यासाठी तीच जोडी सकाळी वर्गात मोठ्याने ऐकवायची, आणि पहिली संधी त्यांना.