डोळा शांत झाला, तरी गोळी चालू ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की हवेतली धूळ तरंगताना दिसते ना? युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. ती झालेल्या डोळ्यात स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, बारीक झोत टाकला की मला तसंच दिसतं. तरंगत असतात पांढऱ्या पेशी. आपलीच प्रतिकारशक्ती डोळ्यावर उलटलेली असते. कधी यामागे टीबीसारखा संसर्गही असतो, म्हणून आधी तपासण्या. संसर्ग नाही आणि सूज मागच्या पडद्यापर्यंत पोचलीय, असं दिसलं की मात्र वेळ घालवून चालत नाही. गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही.

सुरुवात स्टेरॉइडने होते. गुण लवकर येतो, पण महिनोन्‌महिने घेतलं तर मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह, ठिसूळ हाडं हे सगळं मागे लागतं. ते कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन अशी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं देतो. त्यांना सहसा सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. या गोळ्या पुरल्या नाहीत, तर अडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत युव्हिआयटिससाठी त्याला 2016 साली मान्यता मिळाली.

"डॉक्टर, ही तर कॅन्सरची गोळी!" मेथोट्रेक्सेटबद्दल हे मी सतत ऐकतो. भीती खरी आहे, पण कॅन्सरसाठी दिले जाणारे डोस याहून कितीतरी मोठे असू शकतात. इथे आठवड्याला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम. आठवड्याला, हे नीट ऐका! चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. म्हणून मी पेशंटलाच वार ठरवायला लावतो आणि पाकिटावर पेनाने ठळक लिहितो: 'फक्त रविवारी'. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी. ताप आला, मूल हवं असलं किंवा कुठली लस घ्यायची असली, तर आधी विचारा.

लाली गेली, दुखणं थांबलं की गोळी मनानेच बंद होते. ती सहसा दोनेक वर्षं शांततेत गेल्यावर, हळूहळू उतरवायची असते. झोतात एकही कण दिसला नाही की पेशंटआधी मलाच हायसं वाटतं. त्या दिवशीही मी सांगतो, पुढच्या तपासणीचं रक्त द्यायला विसरू नका.