गॅस संपला की वाढला?

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या सासूबाई घरात कुठलीही वस्तू 'संपली' असं म्हणू द्यायच्या नाहीत. तांदूळ संपत नसत, 'वाढत'. मीठही वाढायचं. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात पहिला सिलेंडर आला आणि महिना-दीड महिन्याने शेगडी विझली, तेव्हाही त्या शांतपणे म्हणाल्या, "गॅस वाढला गं." मी तेव्हा शाळेत नुकतीच रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. मनातल्या मनात हसले. आता निवृत्त झाल्यावर कबूल करते, हिशेब मांडला की सासूबाई बरोबर निघतात.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, कारण रेडिओला फळा नसतो.

सिलेंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. आपण सोयीसाठी नुसतं ब्यूटेन धरू. त्याच्या एका रेणूत कार्बनचे 4 अणू आणि हायड्रोजनचे 10. ते हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळतं आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होतं. कार्बन 4, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे रेणू 4. हायड्रोजन 10, पाण्याच्या प्रत्येक रेणूला दोन लागतात, म्हणून पाण्याचे रेणू 5. ऑक्सिजन शेवटी मोजायचा, कारण तो उजवीकडे दोन्ही घरांत आहे. इकडे 8, तिकडे 5, मिळून 13. आणि इथे दहावीची मुलं हमखास अडतात! हवेतला ऑक्सिजन जोडीनेच फिरतो, 13 च्या जोड्या कशा लावणार? साडेसहा रेणू? मग सगळंच दुप्पट करायचं. ब्यूटेन 2, ऑक्सिजन 13, कार्बन डायऑक्साइड 8, पाणी 10. झालं समीकरण संतुलित.

काही हुशार मुलं यातून पळवाट काढतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, हे साधं समीकरण घ्या. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. मग पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी गुपचूप एक 2 लिहायचा. आकडे जुळतात, पण ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायचं. रेणू किती घ्यायचे ते ठरवायची मोकळीक आहे, रेणूच बदलायची नाही. याला मी अर्धा गुणही देत नसे, आणि त्याबद्दल पालकांशी भांडलेही आहे.

आता वजनं घालू. अणुभार लावले की डावी बाजू 116 अधिक 416, उजवी बाजू 352 अधिक 180. दोन्हीकडे 532. हेच प्रमाण घरच्या 14.2 किलोच्या सिलेंडरला लावा. तो गॅस जळायला हवेतून सुमारे 51 किलो ऑक्सिजन ओढतो आणि मागे 43 किलो कार्बन डायऑक्साइड व 22 किलो पाणी ठेवतो. चौदा किलोचा ऐवज पासष्ट किलोचा झाला! वाढला नाही तर काय? जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत सकाळी स्वयंपाकघराच्या काचा धुरकटतात, त्यातलं काही पाणी चहाच्या आधणाचं असतं आणि काही खुद्द ज्योतीचं.

अर्थात, नवं काहीच निर्माण झालं नाही. वाढीचे 51 किलो खिडकीतून आले होते, फक्त कुणी तोलले नव्हते. हा न तोललेला वाटा पकडला आंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच माणसाने. 1772 मध्ये त्याने गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले, तर वजन वाढलेलं. गृहस्थ पोटासाठी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता. जमा-खर्च न जुळणं त्याला खपत नसावं, हा आपला माझा तर्क. त्याच मक्त्यापायी 1794 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम त्याने 1789 च्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि तो कुठल्या प्रकरणात असावा? दारू आंबवण्याच्या! क्रियेच्या आधी जेवढं द्रव्य, नंतरही तेवढंच, असं सांगून त्याने तिथे द्राक्षरसाचंच समीकरण लिहिलं. एका बाजूला रस, दुसरीकडे कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. आपल्या नाशिककरांना हे प्रकरण आधी शिकवायला हवं होतं.

द्राक्षातल्या साखरेचा एक रेणू यीस्ट फोडतं तेव्हा अल्कोहोलचे 2 आणि कार्बन डायऑक्साइडचे 2 रेणू होतात. 180 ग्रॅम साखरेतून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू. जवळजवळ निम्मं वजन बुडबुड्यांवाटे निघून जातं. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनचं पीपं-टाक्यांचं काम पाहायला गेलात, तर 1000 लिटर रसाची टाकी डोळ्यांसमोर ठेवा. त्यात 200 किलो साखर धरली, तर आंबताना सुमारे 98 किलो वायू सुटतो. तो मोकळा झाला की जागा व्यापतो 54 हजार लिटरच्या आसपास! हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खाली साचतो, आणि त्याला रंग नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत धुवायला उतरलेला माणूस त्यात गुदमरू शकतो. म्हणून आधी पंख्याने हवा खेळवायची, वायू मोजायचा आणि बाहेर दुसरा माणूस उभा ठेवायचा.

जाता जाता प्रोपेन तुमच्यासाठी ठेवते. कार्बन 3, हायड्रोजन 8. वर्तमानपत्राच्या कडेला मांडून पाहा. एक, पाच, तीन, चार असे आकडे आले तर उत्तर बरोबर. ऑक्सिजन शेवटी मोजा. नमस्कार.