अल्पाइन व्हॅलीचा उतार

(दृश्य: उन्हाळ्यातली दुपार. हिरवागार, उभा उतार. तळाशी लाकडी छताखाली रंगमंच.)

ईस्ट ट्रॉय हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं छोटं गाव. हिवाळ्यात लोक इथे स्कीइंगला येतात आणि उन्हाळ्यात त्याच टेकड्यांच्या कुशीत गाणं-बजावणं होतं. 1977 मध्ये सुरू झालेलं हे अल्पाइन व्हॅली म्युझिक थिएटर. छताखाली साडेसात हजारांच्या आसपास खुर्च्या आणि बाकी सगळी जनता उतारावर, गवतात. एकूण 37 हजार माणूस मावतो. उतार असा की बसल्या बसल्या माणूस खाली घसरतो. टाचा गवतात रुतवून बसायची सवय व्हावी लागते. पाऊस पडून गेला असेल तर मग विचारूच नका.

इथे मी ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड ऐकला. 1987 च्या जूनमध्ये पहिल्यांदा. मॅडिसनला शिकत होतो, गाडीने तासा-सव्वातासाची वाट. रॉकची आवड बेताचीच. रूममेट हात धुऊन मागे लागला म्हणून गेलो. रात्री परतताना तो म्हणाला, “उद्या परत यायचंय.” मी म्हटलं, “अरे, आज ऐकलं की!” तो म्हणाला, “उद्या यातलं एकही गाणं नसेल.” आणि खरंच नव्हतं.

(दृश्य: बँडची जुनी छायाचित्रं.)

हा बँड जमला 1965 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये. गिटारवर जेरी गार्सिया आणि बॉब वेअर, बेसवर फिल लेश, ड्रम्सवर बिल क्रॉइट्समन. 1967 मध्ये दुसरा ड्रमवादक आला, मिकी हार्ट. तीस वर्षांत सुमारे 2,300 कार्यक्रम झाले, आणि आज काय वाजवायचं हे बहुतेक वेळा स्टेजवर चढल्यावरच ठरायचं. त्यामुळे कधी घोडं पेंड खायचं. तासभर काहीच लागायचं नाही, गार्सिया शब्द विसरायचा, सूर इकडेतिकडे. आणि मग अचानक एखादं गाणं असं काही उघडायचं की पुढची वीस मिनिटं कुठे गेली ते कळायचं नाही. सवाई गंधर्वच्या मांडवात रात्र जागवलेल्या पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. तोच राग पुन्हा ऐकायला आपण जातोच की.

तिकिटं टपालाने मिळायची. 1983 पासून बँडचंच तिकीट खातं होतं, मधले दलाल नाहीत. आधी एका फोन नंबरवर ध्वनिमुद्रित सूचना ऐकायच्या. मग 3 बाय 5 इंचाच्या कार्डावर नाव-पत्ता, तारीख, किती तिकिटं ते लिहायचं. सोबत पोस्टाची मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, टपालाचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. एक जरी गोष्ट चुकली तरी सगळं साभार परत. लोक या पाकिटांवर चित्रं काढायचे: कवट्या, गुलाब, नाचरी अस्वलं. मी पांढऱ्या रंगाने वारली काढली, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं. तिकिटं आली. वारलीमुळेच आली, हे माझं मत आजही कायम आहे.

(दृश्य: पार्किंग. रंगीबेरंगी टी-शर्ट, जुन्या गाड्या, तव्यावरची चीज सँडविचं.)

पार्किंगमध्ये बाजार भरायचा. एक बोट वर करून फिरणारे दिसायचे. त्याचा अर्थ, तिकीट नाही, कुणी फुकट दिलं तर बघा. या बाजारावर लोकांनी भरपूर लिहिलंय, जरा जास्तच. मला ओढ असायची ती कार्यक्रमाच्या उत्तरार्धाच्या मध्याची.

त्या वेळी बाकीचे वादक आत निघून जायचे. स्टेजवर उरायचे फक्त दोन ड्रमवादक. उतारावरचा अर्धा गाव बिअर आणायला किंवा स्वच्छतागृहाच्या रांगेत. मी मात्र जिवाचा कान करून बसायचो. कारण मिकी हार्टच्या हातात काहीतरी ओळखीचं होतं. आवर्तन मोजायची रीत, मुक्कामाला येतायेता हुलकावणी देणं. पुढे कळलं की 1967 मध्येच तो तबलावादक उस्ताद अल्लारखाँना भेटला होता, त्यांच्याकडून तालाचं गणित शिकला होता. त्यातूनच बँडने अकरा मात्रांचं एक गाणं बांधलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘द इलेव्हन’. अल्लारखाँचे चिरंजीव, आपल्या माहीमचे झाकीर हुसेन, यांच्याबरोबर हार्टने 1976 मध्ये ‘दिगा’ हा अल्बम केला आणि 1991 मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’. दुसऱ्याला ग्रॅमी मिळालं. विस्कॉन्सिनच्या गवतात बसून मी नकळत मांडीवर ताल धरायचो, शेजारची पोरं माझ्या हाताकडे बघायची.

(दृश्य: ध्वनियंत्रणेच्या मागे उभे केलेले उंच मायक्रोफोन.)

आणि ही टेपवाल्यांची, म्हणजे प्रेक्षकांत बसून कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्यांची वस्ती. 1984 च्या ऑक्टोबरपासून बँडने त्यांना वेगळी जागाच नेमून दिली. सात-आठ फूट उंच दांड्यांवर मायक्रोफोन, खाली सोनीचे कॅसेट डेक, त्यावर वाकलेले गंभीर चेहरे. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते, तेव्हा गाणं ऐन रंगात आलेलं नसावं म्हणून नवस बोलायचा. जवळ उभं राहून बोललात तर असे डोळे वटारायचे की बास. नियम एकच: विकायचं नाही. कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, अनोळखी माणूस भरून पाठवतो. विद्यार्थ्याच्या खिशाला हे परवडायचं.

सगळं बिघडलं ते यशाने. 1986 मध्ये मधुमेहामुळे कोमात जाऊन गार्सिया मरता मरता वाचला. गिटार जवळजवळ नव्याने शिकला. 1987 च्या जुलैत ‘इन द डार्क’ हा अल्बम आला, त्यातलं ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलं. वीस-बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग जत्रेला यायचं म्हणून येणारे वाढले. गाण्याशी देणंघेणं नाही, तिकीट नाही, फक्त बाहेर पडून राहायचं. अल्पाइन व्हॅलीत 1989 च्या जुलैत तीन रात्री झाल्या, त्यानंतर ग्रेटफुल डेड तिथे परतला नाही.

1995. इंडियाना राज्य, डिअर क्रीक नावाचं खुलं थिएटर, 2 जुलै. गार्सियाला जिवे मारायची धमकी आलेली, त्यामुळे प्रेक्षागृहातले दिवे चालूच. आणि मागचं कुंपण पाडून हजारो लोक आत घुसले. मी आत होतो. आतलेच काही जण त्यांना बघून टाळ्या पिटत होते, त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द झाला. आठवडाभरात, 9 जुलैला, शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर शेवटचा कार्यक्रम. 9 ऑगस्टला गार्सिया गेला. वय 53. शेवटच्या त्या उन्हाळ्याला लोक आता सोनेरी वर्ख लावतात. मला ते जमत नाही. तो आजारी होता आणि ते ऐकू येत होतं.

(दृश्य: कॅसेटच्या पाठीवर हाताने लिहिलेल्या तारखा.)

त्या टेपवाल्यांच्या मेहनतीमुळे हजारो रेकॉर्डिंग आज इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. सुरुवात करायची असेल तर 17 ते 19 जुलै 1989 या अल्पाइन व्हॅलीच्या तिन्ही रात्री काढा. हेडफोन लावा, आणि दोन्ही ड्रमवादक एकटे उरतात तेव्हा पुढे ढकलू नका. प्रेक्षकांत बसून केलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच घ्या. आवाज जरा खरखरीत असेल, मधूनच कुणी मित्राला हाका मारत असेल. पण मिक्सरवरून घेतलेल्या साफसुथऱ्या टेपपेक्षा मला तेच बरं वाटतं.