आधी समोरच्याची दलील

नमस्कार मंडळी. मदरशात नुसतं पाठांतर चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं. आता बघा, देवबंदचं दारुल उलूम, उत्तर प्रदेशातला मदरसा, 1866 सालचा, हनफी मताचा (हनफी, शाफई, मालिकी हे सुन्नी मुसलमानांतले शरियतचे वेगवेगळे पंथ), आणि तिथे कुरआनचा अर्थ शिकायला पुस्तक कुठलं, तर तफसीर-ए-जलालैन, जे लिहिणारे महल्ली आणि सुयूती दोघंही शाफई! म्हणजे मतभेद पुस्तकातूनच वर्गात येऊन बसलेला. वुजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, ते करताना डोक्यावरून ओला हात फिरवा अशी कुरआनात आयत आहे, पण किती डोकं? मालिकी म्हणतात सगळं, हनफी म्हणतात निदान पाव, शाफई म्हणतात जरासं झालं तरी चालतं. आपल्या रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच, तिकडचा पोरगा अशा वर्गात बसला की गप्प कसा राहील? चांगला उस्ताद आधी समोरच्याची दलील, म्हणजे युक्तिवाद, मांडतो, अगदी जोर लावून, आणि मग आपली. परत सांगते, आधी समोरच्याची. (आपल्या कॉलेजांत गाईडमधलं एकच उत्तर घोकून घेतात ना, त्याची मला मनापासून चीड आहे, ते बंदच व्हायला हवं.)

आता माझा आवडता किस्सा, सहीह बुखारी या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आठवणींच्या, संग्रहातला. साल 627, मदिनेची खंदकाची लढाई नुकतीच संपलेली, लोक दमलेले, आणि पैगंबर साहेबांचा हुकूम आला की बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या वस्तीत पोचल्याशिवाय कुणी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढू नका. निघाले सगळे. वाटेतच असरची वेळ झाली, ऊन कलायला लागलं, आणि तिथे रस्त्यातच वाद. काही म्हणाले, हुकूम म्हणजे हुकूम, तिथे पोचल्यावरच पढू. बाकीचे म्हणाले, अरे त्यांचं म्हणणं लवकर निघा एवढंच होतं, नमाज चुकवा असं थोडंच, आणि नमाज ठरल्या वेळी फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे हे तर कुरआनातच आहे. त्यांनी वाटेतच पढली, पहिल्यांनी नाही पढली. नंतर पैगंबर साहेबांच्या कानावर दोन्ही गोष्टी गेल्या, आणि ते कुणालाच रागावले नाहीत. ऐकलंत ना, कुणालाच नाही!

हा किस्सा वर्गात निघाला की तास संपतो पण चर्चा संपत नाही, कारण पुढच्या काळातल्या आलिमांचंही, म्हणजे धर्मपंडितांचंही, यावर जमलेलं नाही. स्पेनचे इब्न हज्म म्हणतात, मी असतो तर कितीही उशीर होवो, तिथे पोचूनच पढली असती. दमिश्कचे इब्न कय्यिम वाटेत पढणाऱ्यांच्या बाजूचे. उस्ताद दोघांचं वाचून दाखवतात आणि मग पोरांना विचारतात, बोला, तुम्ही कुठे पढली असती?