बालसाहित्य आणि कादंबरीच्या मधली पुस्तकं

आत्ता स्क्रीनवर दिसतंय ते भिलार. पाचगणी सोडून महाबळेश्वरकडं निघालं की लागतं, स्ट्रॉबेरीचं गाव, आणि ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. इथं वाचनालय अशी एकच इमारत नाही, लोकांच्या राहत्या घरात कपाटं ठेवलीयत, कुठं इतिहास, कुठं कविता, चप्पल बाहेर काढायची, आत जाऊन निवांत वाचत बसायचं, कोणी पैसे मागत नाही.

आता गंमत बघा. बालसाहित्याचं घर वेगळं आणि कादंबरीचं वेगळं. मग नववी-दहावीतल्या पोरानं जायचं कुठं? पहिल्या घरात त्याला लाज वाटते आणि दुसऱ्या घरातले ठोकळे बघूनच झोप येते. यात भिलारचा दोष नाही बरं का, मराठीत सगळीकडं हेच आहे, इंग्लिशमध्ये यंग अडल्टचा रॅकच वेगळा असतो, आपल्याकडं त्या वयाची पुस्तकं आहेत पण ती मोठ्यांच्या कपाटात जाऊन बसलीयत. त्यातली काही तर आपल्याच सातारा-सांगलीतल्या माणसांची.

कराडचंच घ्या. प्रकाश नारायण संत कॉलेजात जिऑलॉजी शिकवायचे, म्हणजे कामाचा विषय दगड, आणि लिहिलं कुणावर तर लंपन नावाच्या पोरावर. आईवडलांपासून लांब, आजी-आजोबांकडं वाढणारा पोरगा. ‘वनवास’ १९९४ला आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. लंपनला त्याच्या मैत्रिणीबद्दल, सुमीबद्दल, जे काय वाटतं ते त्याला धड कळतही नाही आणि लेखकसुद्धा मध्ये तोंड घालून समजावत बसत नाही, मला वाटतं सगळी मजा तिथंच आहे, कारण त्या वयात कोण समजावून सांगायला लागलं की डोकंच फिरतं. भाषा बेळगावकडची, कानडी वळणाची, सुरुवातीला थोडं अडखळायला होतं, होऊ द्या. २०२४ला वेब सिरीज आली तेव्हा जरा चर्चा झाली, पण शाळेच्या दप्तरात हे पुस्तक मला तरी अजून दिसलेलं नाही.

आता हा माळ दिसतोय तो आटपाडीचा. व्यंकटेश माडगूळकर याच तालुक्यातल्या माडगूळचे. ‘बनगरवाडी’ १९५५ची, नाव सगळ्यांना माहितीय, वाचलीय किती जणांनी हा प्रश्न विचारू नका. लोक तिला ग्रामीण कादंबरी म्हणून मोकळे होतात, पण हिरो कोण आहे बघा की, पोरगेलासा मास्तर, पहिलीच नोकरी, धनगरांच्या वाडीवर एकटा आणि शाळेत पोरंच नाहीत. वाडीतल्या शेकूकडं एकच बैल, पेरणी तर करायचीय, तर दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. माडगूळकर हे एवढं साधं सांगतात की आपण पान उलटतो आणि परत मागं येतो. मग मास्तर वाडीला तालीम बांधायला लावतो, उद्घाटनाला थेट औंध संस्थानचे राजेसाहेब येतात, आणि नंतर दुष्काळ. बास, पुढचं वाचा.

बाहेरचं एकच सांगतो. ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंची कादंबरी, १९३९चं पुलित्झर मिळालेली, मराठीत आणली राम पटवर्धनांनी. फ्लॉरिडाच्या जंगलातला ज्योडी, त्याच्या बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला काळीज पाहिजे म्हणून बाप समोरची हरणी मारतो, तिचं पिल्लू उरतं, ज्योडी ते घरी आणतो, आणि मोठं झाल्यावर ते घरच्याच मक्यात शिरायला लागतं. जाड आहे, मान्य, शिकारीची वर्णनं थोडी लांबतात तीपण चाळून पुढं जा, चालतंय.

पण मोबाईल न सोडणाऱ्या पोराच्या हातात पहिल्यांदा यातलं काहीच देऊ नका. माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ द्या. वानरांच्या टोळ्या, हद्दीवरनं मारामाऱ्या, नवा हुप्प्या, म्हणजे टोळीचा म्होरक्या नर, आला की जुन्याची पिल्लं मारतो, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे पण ते पोराला सांगायला जाऊ नका. छोटंसं आहे, एका दुपारीत होतं. ते संपवून त्यानं स्वतःहून अजून काय आहे विचारलं तर लंपन काढा.